मिस्तरीआप्पांची माणसं

"माय, कोनी लाल करं वं तुन्हं नाक परत?"

मेंदीच्या कुंपणापलीकडून हा प्रश्न ऐकू आला तेव्हा मी नगरपालिकेच्या बागेतल्या एकमेव सावलीच्या बाकावर पुस्तक घेऊन बसले होते. आवाज वयस्क पुरुषाचा होता, आणि त्यात एवढा कळवळा होता की कुणा म्हातारीला लागलं असावं असंच मला वाटलं. मी वाकून पाहिलं. खाकी अर्धी चड्डी, वर बंडी, डोक्याला पंचा गुंडाळलेला एक माणूस उकिडवा बसून एका बाईचं नाक घासलेटच्या चिंधीनं पुसत होता. बाई काही तक्रार करत नव्हती. ती सिमेंटची होती.

नाक स्वच्छ झाल्यावर तो दोन पावलं मागे सरला, डोळे बारीक करून त्यानं पाहिलं आणि समाधानानं म्हणाला, "हां. आते माणूस दिसस."

हे मिस्तरीआप्पा. त्यांचं नाव उखाजी, पण ते फक्त पगारपत्रकावर असे. तिथं नावापुढं 'बाग रखवालदार' असं लिहिलेलं होतं. त्याआधी ते विहिरींची कडी, म्हणजे आतले गोल दगडी थर, बांधत. तापीकाठच्या प्रकाशा गावापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत कुठल्याही मळ्यात जाऊन विहिरीत डोकावा, निम्म्या ठिकाणी दगड मिस्तरीआप्पांनीच बसवलेले. मग एका वर्षी त्यांनी विहिरीत उतरणं एकदम सोडलं. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नगरपालिकेनं त्यांना बाग राखायला ठेवलं. बाग म्हणजे चार कडुनिंब, मेंदीचं कुंपण, एक विहीर आणि पुष्कळशी माती. राखण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी ते तयार करायला घेतलं.

कुणाच्या बांधकामावर उरलेलं सिमेंट, बैलगाडीच्या चाकांच्या मोडक्या धावा, फुटकी कौलं, तापीची वाळू. एवढ्या भांडवलावर आठ वर्षांत बागेत सात माणसं उभी राहिली. पहिली झिपामाय, गावची सुईण, जिचं नाक आपण वर पाहिलं. मग पाठीला झोळी बांधून वाकलेली, कापूस वेचणारी रखमाबाई. मग शाळेची घंटा देणारा शिपाई. घंटेच्या जागी रेल्वेच्या रुळाचा खरा तुकडा टांगलेला, आणि येणारा-जाणारा तो एकदा तरी वाजवणारच. करीमचाचा टांगेवाले हातात लगाम धरून हवेत बसले होते, कारण टांग्यापर्यंत सिमेंट पुरलं नाही. लोक हसत. मिस्तरीआप्पा म्हणत, "टांगा काय, कोठे बी मिळस. करीमचाचा कोठे मिळतीन?"

पुतळा कुणाचा करायचा, याचा त्यांचा एक नियम होता आणि तो ते कुणासाठी मोडत नसत. ज्याचा आयुष्यात एकदाही फोटो निघाला नाही, त्याचाच पुतळा. हा नियम नगरपालिकेच्या अध्यक्षांना ठाऊक नव्हता. एकदा ते बागेत येऊन मोठ्या प्रेमानं म्हणाले, "मिस्तरी, मन्हा बी एक व्हई जाऊ दे. दरवाजाजोडे."

"अध्यक्षसाहेब, तुम्हना फोटो कितला शेतस?"

"शेतीन पन्नास-साठ."

"मंग तुम्हले काय कमी शे? ज्यान्हा एक बी नही, तो मन्हाकडे उभा ऱ्हास."

अध्यक्ष हसले. पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही, हे मी बाकावरून पाहिलं. मला पुष्कळ गोष्टी बाकावरून दिसत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पपा नगरपालिकेचे चीफ ऑफिसर म्हणून बदलून आले होते आणि मी पुण्याची इंग्रजी शाळा आणि त्यानंतरचं कॉलेजचं एक वर्ष संपवून त्यांच्यामागोमाग आले होते. गावची अहिराणी मला येत नव्हती. माझं मराठी पुस्तकातून शिकलेलं. दुकानात 'कृपया' म्हटल्यावर वाणी माझ्याकडे टक लावून पाहायचा. तेव्हा न बोलणं सोयीचं होतं, आणि मला ते जमतही होतं. पहिला महिनाभर मिस्तरीआप्पा मला मुकी समजत. हातवारे करून, ओरडून बोलत. झिपामायला त्यांनी माझी ओळख करून दिली ती "सायबनी मुकी आंडेर", साहेबांची मुकी मुलगी, अशी. शेवटी एके दिवशी मी म्हणाले, "मला बोलता येतं."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग बोलत काबरं नही? इंग्रजीमा मुकी शेस का मराठीमा बी?"

"दोन्हीत," मी म्हणाले.

हे उत्तर त्यांना फार आवडलं. त्यानंतरही त्यांनी मला मुकीच म्हटलं, पण ओरडणं बंद केलं.

त्यांचा खरा शत्रू होता शेंदूर. आपल्याकडे उभा दगड दिसला की माणूस आधी शेंदूर लावतो आणि मग विचारतो, हा कोण? बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या बाया भाकरी खायला बागेत बसत. जाताना, असू द्यावं म्हणून, एखाद्या पुतळ्याला बोट टेकवून जात. झिपामायच्या पुतळ्याची तर कीर्तीच पसरली होती. लेकराचा खोकला जातो म्हणे. ओट्या येत, नारळ येत. मिस्तरीआप्पा घासलेटचा डबा घेऊन धावत. "अवं, हाई देवी नही, माणूस शे! सुईन शे! तुन्हा नवरा बी हाईन्याच हातवर व्हयना!"

बाया क्षणभर थबकत, पुतळ्याकडे नव्यानं पाहत आणि आणखी वाकून नमस्कार करत.

खरी झिपामाय या सगळ्यात कुठं होती? ती पुतळ्याशेजारीच पाय पसरून बसलेली असे. फुटलेला नारळ ती उचलून पदरात टाकी. मिस्तरीआप्पा चिडले तर म्हणे, "मन्हा नावना नारळ शे. मी नही लेवू ते काय तू लेशी?" तिची तक्रार वेगळीच होती. "इतलं मोठं नाक कशाले करं रे, मुडदा?"

"माय, आख्खा गावना पोरेस्नी जलमतास पहिले तुन्हं नाकच देखं. मी कमी कसं करू?"

मी पुस्तकाआड हसले. झिपामायनं ते पाहिलं. "देख, मुकी बी हासस," ती म्हणाली, आणि अर्धा नारळ माझ्याकडे फेकला.

दोन गोष्टी मला कळत नव्हत्या. एक विहिरीची. तालुक्याच्या विहिरी बांधणारा हा माणूस बागेतल्या विहिरीच्या काठाशी कधी जात नसे. पोहरा सोडायला तो दुसऱ्या कुणाला तरी सांगे. मला हाक मारून म्हणे, "मुके, देखी ये वं, पानी कितलं शे." मी कठड्यावरून वाकून दगडांचे थर मोजायची आणि सांगायची, "सहा थर खाली." ते मान हलवत. विहीर बांधणाऱ्यांचं माप थरांतच असतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

दुसरी गोष्ट सातव्या पुतळ्याची. तो बागेच्या पार टोकाला, शेवटच्या कडुनिंबाखाली होता. तिथवर बाजारच्या बाया जात नसत, त्यामुळं त्याला शेंदूरही माहीत नव्हता. होळीला सातपुड्यात नाचतात तसा वेष केलेला माणूस. कमरेभोवती वाळलेल्या दुध्यांची माळ, डोक्यावर कामट्यांचा उंच टोप, एक पाय उचललेला. बाकी सगळ्यांना नावं होती. याला नव्हतं. विचारलं तर मिस्तरीआप्पा म्हणत, "हाऊ असाच शे." त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं जराशी फाकलेली होती आणि मधली फट काळी पडली होती. ती कशानं, ते मला ठाऊक होतं. दिवे लागायच्या सुमाराला बागेचं फाटक लावण्याआधी मिस्तरीआप्पा दोन बिड्या पेटवत. एक स्वतः ओढत. दुसरी त्या फटीत खोवत, आणि ती जळून संपेपर्यंत पुतळ्याच्या पायाशी, त्याच्याकडे पाठ करून बसत. झिपामायशी, रखमाबाईशी, हवेत बसलेल्या करीमचाचांशी दिवसभर गप्पा मारणारा हा माणूस तिथं मात्र गप्प असे. मी हे कुणाला सांगितलं नाही. मला कुणी विचारलंही नाही.

नवं राज्य होऊन वर्ष उलटलं होतं आणि मंत्री आमच्या गावाला येणार असं ठरलं. बागेचं सुशोभन करायची टूम निघाली. अध्यक्षांनी सुरतेहून एक संगमरवरी परी मागवली. तिच्या खांद्यावर घडा, घड्यातून पाणी पडणार. पाणी वर चढवायला बागेत नळ नव्हता. ती परी पुढं पुष्कळ वर्षं तिथं होती, घडा कोरडाच. पण त्या वेळी अध्यक्ष पपांच्या खोलीत बसून म्हणत होते, "साहेब, मंत्री येणार. त्यांना काय दाखवायचं, सुईणीचं नाक? हा भूतखाना आधी हलवा."

पपा वाईट नव्हते. ते नियमानं चालत. पुतळ्यांना मंजुरी नव्हती, ठराव नव्हता. त्यांनी नोटीस काढली. आठ दिवसांत ज्याला जो पुतळा हवा त्यानं तो घेऊन जावा, उरतील ते फोडण्यात येतील.

मिस्तरीआप्पांनी ती नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग त्यांनी ती फाटकावर स्वतः चिकटवली, सरळ लागली की नाही ते लांबून पाहिलं, आणि करीमचाचांच्या सिमेंटच्या कानात मोठ्यानं म्हणाले, "आयकं का? सरकारले आपला धाक वाटस."

झिपामायला उपाय लगेच सुचला. "मिस्तरी, डोकं चालाड. शेंदूरना एक डबा लई ये. सम्दास्ले चोपडी टाक. मंग कोन्हा बाप हात लावस ते देखू."

खरंच, इतका सोपा उपाय होता. शेंदूर लागलेल्या दगडावर घण घालणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडला नसता. पण मिस्तरीआप्पा ताडकन उभे राहिले. मी त्यांना एवढं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आठ वरीसथून पुशी ऱ्हायनू मी. आते मीच लावू? माणूस म्हनीसन उभा करात, माणूस म्हनीसनच पडतीन. देव व्हईसन वाचाले मन्हा माणसं भिकारी नही शेतस!"

"तू मर मंग तुन्हा सिमेटमा," झिपामाय म्हणाली आणि नारळ घेऊन निघून गेली.

पण दुसऱ्या दिवशी ती परत आली, चार नातू आणि एक बैलगाडी घेऊन. पुतळ्याभोवती तिनं एक फेरी मारली, नाकावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चाल माय. आते नारळ घर बसल्या येतीन." गाडी हलली तेव्हा दोन झिपामाया शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि दोघींचंही नाक गावाच्या दिशेनं होतं.

मग रोज कुणीतरी येऊ लागलं. रखमाबाई वारल्या होत्या. त्यांचे दोन मुलगे लोणखेड्याहून आले. आईला गाडीत घालताना थोरल्यानं अंगावरचा सदरा काढून तिच्या पाठीखाली घातला, सिमेंट घासू नये म्हणून. शाळेचा शिपाई स्वतःला घेऊन गेला आणि रुळाचा तुकडा वाजवत गेला. आणखी दोघांना त्यांची माणसं येऊन घेऊन गेली. करीमचाचा खरा टांगा घेऊन आले. सहा जणांनी उचलून पुतळा पुढच्या बैठकीवर ठेवला तो इतका नेमका बसला की सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. खरे करीमचाचा मागं गिऱ्हाइकासारखे बसले. "चलो मियाँ," ते पुतळ्याला म्हणाले, "आज तुम चलाओ." मिस्तरीआप्पा कंबरेवर हात ठेवून हसत होते. लढाई जिंकलेल्या माणसासारखे. ज्यांना फोडायचं होतं ती माणसं एकेक करून, उजळ माथ्यानं, मुख्य रस्त्यावरून घरी चालली होती.

सातव्या दिवशी बागेत एकच उरला. टोकाचा, बिननावाचा. त्याला न्यायला कुणी आलं नाही.

संध्याकाळी मी बाकावरून उठले तेव्हा मिस्तरीआप्पांनी मला हाक मारली. दोन बिड्या पेटलेल्या होत्या. ते पुतळ्याकडे पाठ करून बसले होते.

"बठ. तुले सांगी टाकस. तू मुकी शेस, कोनले सांगशी?"

मी बसले.

"जोमा नाव. सातपुडाना काठी गावना. बावीस वरीस मन्हासंगे विहीरमा. मी खाले ते तो वर, तो खाले ते मी वर. दर होळीले गावले जाये. कंबरले दुध्या बांधीसन नाचे, पाच पाच दिन. त्या वरीसले बी त्यानी पाळनी धरेल व्हती. खाटवर बठे नही, पाय उघडा. म्हने, दादा, जाऊ दे, होळी उनी. मी म्हनं, एक थर बाकी शे. तेवढा बठाडू आन जाय."

बिडीची राख पुतळ्याच्या बोटांतून खाली पडली.

"कड धसनी," मिस्तरीआप्पा म्हणाले. "मी वर व्हतू."

मी विचारलं, "त्यांचा फोटो?"

"कोठला फोटो? मन्हा डोकामा शे तितलाच." त्यांनी पुतळ्याच्या उचललेल्या पायावर हात ठेवला. "सम्दा गयात. हाऊले कोठे लई जाऊ? पाया सात हात खनेल शे. एक डाव खाले गया तो. परत नही जाऊ देवाव, म्हनीसन पक्का करा."

त्या रात्री जेवताना मी पपांशी बोलायचं ठरवलं होतं. वाक्यं तयार होती, इंग्रजीत आणि मराठीतही. पपांनी मान वर करून पाहिलं. मी म्हणाले, "थोडा भात."

सकाळी कंत्राटदारानं घण घेऊन चार मजूर आणले. डोंगरातलीच माणसं होती. मी पपांबरोबर बागेत पोचले तेव्हा ते चौघे शेवटच्या कडुनिंबापासून दहा पावलांवर उभे होते. घण जमिनीवर होते आणि त्यांनी पायांतल्या वहाणा काढून ठेवल्या होत्या.

जोमा टोपापासून टाचेपर्यंत शेंदरी झाला होता. दुध्यांची माळ, उचललेला पाय, फाकलेली दोन बोटं, सगळं. तेल अजून ओलं होतं. कोवळ्या उन्हात तो नुकताच होळीच्या जाळासमोरून नाचत आल्यासारखा दिसत होता.

"हा देव आहे," मजुरांतला वडीलधारा म्हणाला. "आम्ही नाही मारणार." त्यानं ते कुणाचीही परवानगी न मागता सांगितलं.

अध्यक्ष संतापले होते. "कालपर्यंत हा देव नव्हता! रातोरात देव? कोनी लावा शेंदूर?" ते मिस्तरीआप्पांकडे वळले. "ह्यानंच लावला असणार. आठ वर्षं पुसत होता, आज लावला. मग कसला देव? नाटक आहे! हात दखाड रे, मिस्तरी!"

बागेबाहेर माणसं जमली होती. झिपामाय फाटकाला धरून उभी होती. पपांनी शांतपणे विचारलं, "मिस्तरी, शेंदूर तुम्ही लावला का?"

मिस्तरीआप्पा पाठीमागं हात बांधून उभे होते. मी त्यांच्या मागे होते, आणि नेहमीप्रमाणं जे दिसायचं ते मला दिसत होतं. दहाही बोटं नखांपर्यंत लाल होती. पायाशी घासलेटचा डबा होता, चिंधी त्याच्यावर घडी घातलेली, कोरडी. त्यांनी हात पुसायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. सहा माणसं त्यांनी माणसं म्हणून परत पाठवली होती. सातव्याला फुटताना पाहणं त्यांच्यानं झालं नव्हतं.

त्यांनी ओठ ओले केले. मला कळलं की ते खरं सांगणार. त्यांना सगळं करता येत होतं, खोटं तेवढं बोलता येत नव्हतं. आणि ते एकदा बोलले की शेंदराचा नुसता रंग उरला असता, गाव हसलं असतं आणि घण उचलले गेले असते.

मी पुढं झाले. जोमाच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवले. तेल गार होतं. मग वळून मी हात सगळ्यांसमोर धरले.

"अगं बाई," फाटकाकडून झिपामायचा आवाज आला, "मुकी आते बोलस का काय!"

"पपा," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, "शेंदूर मी लावला. आणि कुणी पुसला तर उद्या परत लावीन."